‘औरंग्या’ म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

(वर्धा येथे शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी इतिहास शिकवते, याच जिल्ह्यातल्या एका शाळेत, बरीच वर्षं. आज दोन विषयांवर बोला असं मला सांगितलंय: मध्ययुगातली सत्ता आणि निष्ठा, आणि शाळेतली दादागिरी. बाहेरच्या माणसाला वाटेल, यांचा एकमेकांशी संबंध काय? तुम्हाला तसं वाटणार नाही. चौथीत प्रतापगडचा धडा सुरू झाला की वर्गातल्या चाळीस माना कुणाकडे वळतात, हे तुम्ही पाहिलंय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ सिनेमा आला. १७ मार्चला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल झाली. त्याच दिवसांत एका शाळेत सातवीतल्या एका पोट्ट्याला ‘औरंग्या’ नाव पडलं. आधी मधल्या सुट्टीत, मग पाण्याच्या टाकीपाशी, मग हजेरी चालू असताना मागच्या बाकावरून. दप्तरावर खडूने लिहिलं. डबा उघडून ‘काय आणलं बे आज?’ असं विचारायचे. त्याने घरी काही सांगितलं नाही. रोज सकाळी पोट दुखतं म्हणायचा. त्याच्या फूफीने मला फोन केला तेव्हा तो अकरा दिवस शाळेत गेला नव्हता.

त्याचं पुढे काय झालं ते सांगते. पण आधी इतिहास, कारण त्याला मारलं होतं ते इतिहासाच्या नावाने.

आपल्या इथूनच सुरू करू. आपला जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला. त्याआधी या मुलखाने बरेच धनी पाहिले. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यात पवनार नावाची सरकार होती. हेच आपलं पवनार, धाम नदीकाठचं. नंतर या भागावर देवगडच्या गोंड राजांचा जोर वाढला. त्यातला बख्त बुलंद शाह तुम्हाला माहीत असायला हवा, कारण १७०२ च्या सुमारास नागपूर शहर वसवलं ते त्याने. भाऊबंदकीत गादी गेली, म्हणून तो औरंगजेबाकडे मदत मागायला गेला. तिथे त्याने इस्लाम स्वीकारला, बादशहाने त्याला ‘बख्त बुलंद’ हा किताब दिला, गादी परत मिळाली. आता आजच्या हिशोबाने हा कायमचा औरंगजेबाचा माणूस व्हायला हवा ना? झाला नाही. बादशहा दख्खनच्या लढायांत गुंतलेला पाहून याने बंड केलं आणि वर्धा नदीच्या दोन्ही काठांवरचा मोगली मुलूख लुटला. बादशहा इतका चिडला की ‘बख्त बुलंद’ऐवजी याला ‘निगून बख्त’, म्हणजे फुटक्या नशिबाचा, म्हणा असा हुकूम त्याने काढला. टोपणनावं ठेवायची खोड बादशहांनाही होती!

त्याच्या घराण्यात पुढे वारसांचं भांडण लागलं. चांद सुलतानच्या विधवा राणीने मदतीला बोलावलं रघूजी भोसल्यांना. रघूजी आले, मदत केली आणि इथेच राहिले. १७४३ पासून कारभार भोसल्यांचा. पण गोंड राजाला त्यांनी हाकललं नाही, नावापुरता राजा म्हणून नागपुरातच ठेवलं. म्हणजे राजा मुसलमान गोंड, सत्ता मराठ्यांची, आणि बोलावणं राणीचं. यात हिंदू बाजू कोणती आणि मुसलमान बाजू कोणती, ते मला कुणी फळ्यावर आखून दाखवावं.

त्या काळात माणूस ज्याचं मीठ खाई त्याच्याशी बांधलेला असे. मिठाबरोबर वतन, जहागीर, घराण्याची इज्जत आणि शेजाऱ्याशी असलेलं वैर हेही तोललं जाई. धर्म नव्हता असं मी म्हणणार नाही. धर्म होता, त्याच्या नावाने अत्याचारही झाले. पण कोण कुणाच्या बाजूने लढेल हे त्यावरून ठरत नव्हतं. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वकील कोण? कृष्णाजी भास्कर. शिवाजी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत कोण? सिद्दी इब्राहीम. १६६५ मध्ये पुरंदरला वेढा घालणारी मोगली फौज कुणाची? मिर्झा राजा जयसिंगाची. औरंगजेबाचा स्वतःचा मुलगा शहजादा अकबर बापाविरुद्ध उठला आणि १६८१ मध्ये आश्रयाला आला तो संभाजी महाराजांकडे. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर बुडवलं, पुढच्या वर्षी गोवळकोंडा. दोन्ही तख्तं मुसलमानांचीच होती.

आणि पानिपत. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण इब्राहीमखान गारदी हा माझ्या आवडीचा माणूस आहे. ‘गारदी’ म्हटलं की पोरांना फक्त १७७३ चा नारायणरावाचा खून आठवतो (त्यातला म्होरक्या सुमेरसिंग होता, हे मात्र आठवत नाही). इब्राहीमखान फ्रेंच पद्धतीच्या कवायतीत तयार झालेला, आधी निजामाकडे, मग सदाशिवरावभाऊंकडे. १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांच्या तोफा आणि कवायती पलटणी त्याच्या हाताखाली होत्या. समोर अब्दाली, त्याच्याच धर्माचा. हा जागचा हलला नाही. त्याच्या पलटणी कापल्या गेल्या, तो जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. आता पलीकडे बघा. अब्दालीच्या बाजूला अवधचा नवाब शुजाउद्दौला होता, आणि त्याच्या फौजेत अनूपगीर आणि उमरावगीर यांचे गोसावी लढत होते. तेही आपल्या मिठाला जागले. लढाईनंतर मराठ्यांच्या मृतांचे रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून धडपडणाऱ्यांत हेच गोसावी होते.

हे सगळं ऐकून तुमच्यातला एखादा आत्ता मनात यादी करत असेल: सिद्दी इब्राहीम, नूरखान, आरमारातला दौलतखान, इब्राहीमखान. उद्या कुणी काही बोललं की यादी वाचून दाखवू. मला विचाराल तर तसं करू नका. यादी खरी आहे. पण समजा, शिवाजी महाराजांच्या फौजेत एकही मुसलमान नसता, तर त्या सातवीतल्या पोराच्या दप्तरावर लिहायला हरकत नव्हती का? तो बाकावर बसतो ते इब्राहीमखानाच्या पुण्याईने नाही. हजेरीत त्याचं नाव आहे, म्हणून बसतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांचे दाखले गोळा करून आपली निष्ठा सिद्ध करायची ही सवय आपल्याला लागलीय, आणि समोरचा रोज नवा दाखला मागतो.

याची दुसरी बाजूही बोलते, ती काहींना आवडणार नाही. चिडवलं म्हणून चिडून औरंगजेबाचा फोटो स्टेटसला ठेवणारे पोट्टे मी पाहिलेत. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात अशाच स्टेटसवरून दगडफेक झाली. अरे, बापाला कैदेत टाकणारा, दारा शुकोहला मारवणारा, संभाजी महाराजांना हाल करून ठार करणारा बादशहा तुमचा कोण लागतो? कुणी तुम्हाला त्याच्या दावणीला बांधतो तर दावं तोडायचं, की आपणच गळ्यात घालून घ्यायचं?

आता त्या पोराकडे येते.

त्याच्या चुलतभावांचा बेत ठरला होता: शाळा सुटल्यावर गेटवर गाठायचं. मी म्हटलं, गाठा, आणि मग पोलीस ठाण्यात आणि शाळेच्या दप्तरी नाव कुणाचं लागेल तेही आत्ताच लिहून ठेवा. त्याऐवजी आम्ही त्याला वही दिली. कोण, कुठे, कोणत्या तारखेला, काय बोललं, जवळ कोण होतं. त्याच्याकडून पाच पानं भरली. लिहिताना तो रडला, पण लिहिलं. मग आई-वडिलांच्या सहीने मुख्याध्यापकांना अर्ज गेला. अर्जात इतिहासावर एक ओळ नव्हती. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ होतं, ज्यात मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला मनाई आहे. पहिल्यांदा उत्तर आलं, ‘पोरं आहेत, चालायचंच.’ दुसऱ्यांदा त्याची अम्मी स्वतः शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत गेली. त्या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, हे आपल्या किती घरांत माहीत आहे? तिथे बसलेल्या दोन आयांनी विचारलं, हे आमच्या पोरांनी केलं का? त्यांना माहीतच नव्हतं.

त्याच्या आधी आणखी एक गोष्ट घडली होती. वर्गातला एक मुलगा, फार बोलका नाही, एक दिवस आपलं दप्तर उचलून याच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसला. कुणी विचारलं, ‘काऊन बे?’ तर म्हणाला, ‘इथून फळा दिसते.’ पोर परत आलं तेव्हा बाकावर सोबतीला हा होता. अर्जाने पहिल्या आठवड्यात जे झालं नाही ते त्या बाकाने केलं, असं फूफी म्हणते. मी म्हणते दोन्ही लागले.

हेही विचारते, रागावू नका. तुमच्या वर्गात एखाद्याला जातीवरून चिडवतात तेव्हा तुम्ही कुठल्या बाकावर असता? गल्लीतल्या मुलीला ओढणीवरून, किंवा ओढणी नसण्यावरून, आपलेच पोट्टे बोलतात तेव्हा? कुणी बोबडं बोलतो, त्याची नक्कल मीही आपल्या मोहल्ल्यात ऐकलीय.

१९३७ साली याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, नई तालीमची योजना आखायला समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसैन. हे मी दाखला म्हणून सांगत नाही, आधीच नको म्हटलंय. आपल्या गावची गोष्ट आहे, माहीत असावी एवढंच.

बाहेर टेबलावर अर्जाचे नमुने ठेवलेत, मराठीत आणि उर्दूत. शाळेत मराठी द्या. दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्या. शिपाई ‘ठेवून जा’ म्हणाला तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका. शाळेने ऐकलं नाही तर पुढचा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांना. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १०९८, पैसे लागत नाहीत. आणि ज्यांना वही हवीय, त्यांनी माझ्याकडून घेऊन जा. वीस आणल्यात.