जेवणाच्या वेळी जा



सोलापुरात आई-वडिलांसाठी छोटा वृद्धाश्रम शोधताय?
मग तिथं जेवणाच्या वेळी जा.

दात नसलेल्या आजींना ज्वारीची भाकरी
आमटीत कुस्करून मिळते का, ते बघा.
कुणी भरवत असेल,
तर तो घाई करतो का, तेही बघा.
मला तरी खोल्यांपेक्षा हेच महत्त्वाचं वाटतं.

रात्री बाथरूमला जाताना
हात धरायला माणूस हवा.
आपल्याकडच्या उन्हाळ्यात उशाशी पाणी हवंच.

हेही विचारा. पण पुन्हा सांगते,
जेवणाच्या वेळीच जा.

आश्रमात ठेवलं,
म्हणून मुलांची जबाबदारी सुटत नाही.
आई-वडिलांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा ही जबाबदारी मुलांवर टाकतो.
मुलं सांभाळत नसतील,
तर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

ज्येष्ठांसाठी मोफत हेल्पलाइन आहे, 14567.
लिहून घ्या.
एक, चार, पाच, सहा, सात.