पॅकेज नसलेले आजार

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून आपण नेत्रतज्ज्ञ, ऑप्टोमेट्रिस्ट आणि निवासी विद्यार्थी छत्रपती संभाजीनगरात जमलो आहोत.

माझी उमेदीची सगळी वर्षे खासगी रुग्णालयात गेली, म्हणून खासगी रुग्णालयाविषयीच बोलतो. आपल्या स्वागतकक्षाजवळ दरपत्रक असते. त्यावर मोतीबिंदूची पॅकेजेस असतात: भिंग भारतीय की परदेशी, साधे की घडीचे, एका अंतराचे की अनेक अंतरांचे. ज्या आजारांचे नाव त्या फलकावर कधीच येत नाही, त्यांच्याबद्दल मला आज बोलायचे आहे.

मोतीबिंदूच्या कामाचा आपण अभिमान बाळगावा. हॅरोल्ड रिडली यांनी 1949 मध्ये लंडनला डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले, चार्ल्स केल्मन यांनी 1967 मध्ये फेकोची पद्धत आणली. पण पैठण-सिल्लोडच्या आजीपर्यंत ते पोहोचायला मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून बनवलेली स्वस्त भिंगे लागली आणि बिनटाक्याच्या छोट्या छेदात तरबेज झालेले आपले हात लागले. घाटी रुग्णालयाने हे काम केले, जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयाने केले, आणि आपल्या मराठवाडा विद्यापीठाचे पदवीधर डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून ते खेडोपाडी नेले. आणखी एक आनंदाची गोष्ट: ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. आपल्या गुरूंच्या पिढीची पापण्या उलटून पाहण्यात हयात गेली, त्यांचे हे यश आहे.

2015 ते 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी 66.2 टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचे दिसले. म्हणजे ते काम अजून उरले आहे, आणि ते आपण करत राहू. मात्र मोतीबिंदूने गेलेली नजर अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. बुरशीने खाल्लेले बुबुळ पूर्ववत होत नाही. कमी दिवसांच्या बाळाचा सुटलेला पडदा बहुतेक वेळा पुन्हा नजर देत नाही. आपले पैसे, यंत्रे आणि वेळ जिथे एकवटले आहेत तो आजार बरा होणारा आहे. जे बरे होत नाहीत त्यांच्या वाट्याला आपली घाईची पाच मिनिटे येतात. हे उलटे व्हायला हवे.

बुबुळाच्या जखमेपासून सुरुवात करतो, कारण ती आपल्या मातीतली आहे. कापूस वेचणीचा हंगाम, मग ज्वारीची काढणी, उसाची तोड. डोळ्यात कुसळ जाते, पाचट लागते. माणूस डोळा चोळतो, कुणी पदराच्या टोकाने कचरा काढतो, कुणी एरंडेल घालतो, कुणी बाळंतिणीचे दूध. दुसऱ्या दिवशी डोळा लाल. गावातल्या मेडिकलवाल्याला दाखवले की तो एक बाटली देतो, त्यात प्रतिजैविकाबरोबर बऱ्याचदा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड असते. दोन दिवस लाली उतरते. रुग्णाला वाटते गुण आला. आत बुरशीला मोकळे रान मिळालेले असते. आपल्याकडे तो येतो तेव्हा बुबुळावर पांढरा डाग, पिसासारख्या कडा आणि खाली साचलेला पू.

इथे निदान करायला फार काही लागत नाही. स्लिट लॅम्पखाली जखमेचा खरवडा घ्यायचा, काचपट्टीवर 10 टक्के केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धागे आहेत का ते पाहायचे. चहा होईपर्यंत उत्तर मिळते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण भारतातल्या रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचणीने दाखवले की बुरशीच्या जखमेत जुने 5 टक्के नॅटामायसिन महागड्या व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरते, फ्युजेरियम बुरशीत तर फारच. तरीही लाखो रुपयांची फेको यंत्रे असलेल्या आपल्यापैकी किती रुग्णालयांत केओएचची बाटली आणि चालू सूक्ष्मदर्शक आहे? खरवडा न घेता चार औषधे एकदम सुरू करण्याची पद्धत आपण आपल्या हाताने बंद केली पाहिजे. ही गोष्ट माझ्या मनाला लागते.

आणि उपचार तासातासाने थेंब घालण्याचा, तीन-तीन आठवड्यांचा. वैजापूरहून रोज एसटीने यायचे, मजुरी बुडवायची, सोबत एक माणूस आणायचा. चौथ्या खेपेला तो येत नाही, आणि आपण फाइलवर लिहितो की रुग्णाने उपचार अर्धवट सोडले. या रुग्णांसाठी आपल्या रुग्णालयात दोन खाटा नाममात्र दरात ठेवता येतील, त्याचा खर्च मोतीबिंदूच्या उत्पन्नातून निघू शकतो. मोतीबिंदूवर रुग्णालय चालते हे सांगताना मला संकोच वाटत नाही. हप्ते, पगार, वीजबिल तिथूनच जातात. त्याच उत्पन्नाने या खाटाही चालवाव्यात एवढेच म्हणतो.

नेपाळमध्ये भक्तपूर भागात एक साधा प्रयोग झाला होता. गावातल्या आरोग्यसेवकांनी बुबुळ खरचटलेल्या माणसांना लवकरात लवकर शोधून तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिले आणि जखमा चिघळणे जवळजवळ थांबले. त्याचा अहवाल 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे गावोगाव आशाताई आहेत. डोळ्यात काही गेले तर चोळायचे नाही, मेडिकलमधून परस्पर बाटली आणायची नाही, त्याच दिवशी आशाताईकडे जायचे, इतके तीन वाक्यांत सांगता येते. शेजारच्या तालुक्यातल्या आशाताईंना एक दुपार शिकवायला आपण जाऊ शकतो.

शहराची दुखापत वेगळी. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत ग्राइंडिंग करताना लोखंडाचा कण उडतो. बुबुळावर रुतलेला कण दिसतो, काढता येतो. हातोडा-छिन्नी चालवताना उडालेला बारीक कण मात्र डोळ्याच्या आत शिरतो, जखम टाचणीच्या टोकाएवढी असते आणि त्या दिवशी नजर 6/6 सुद्धा असते. कामगाराला "हातोडा मारत होतास का" हे विचारलेच पाहिजे, बाहुली मोठी करून पडदा पाहिलाच पाहिजे, शंका असेल तर सीटी स्कॅन. लोखंड आत आहे की नाही हे कळेपर्यंत एमआरआय अजिबात नाही.

काचबिंदूत बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून तो चष्म्याचा नंबर बदलायला आलेल्या माणसात लपलेला असतो. संध्याकाळी डोके फुटेल असे दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, आणि पित्ताची गोळी घेऊन रुग्ण झोपतो, असाही एक प्रकार आहे; सकाळपर्यंत डोळ्याची कितीतरी नस गेलेली असते. पण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात ती मुले. आपला उन्हाळा कोरडा, धुळीचा. पाच-सात वर्षांच्या मुलाला ॲलर्जी होते, डोळे खाजतात, तारेसारखा चिकट स्राव येतो. स्टिरॉइडच्या थेंबांनी आराम पडतो, म्हणून आई तीच चिठ्ठी दाखवून, नंतर चिठ्ठीविनाही, वर्षानुवर्षे तेच थेंब आणते. सोळाव्या वर्षी मुलगा फळ्यावरचे दिसत नाही म्हणून येतो, तेव्हा थेंबांनी डोळ्यातला दाब वाढून नस पोखरलेली असते. हे थेंब चिठ्ठीशिवाय विकायचे नाहीत असा कायदा आहे. तो पाळला जात नाही हे खरे, पण पहिली चिठ्ठी आपली असते. स्टिरॉइडची प्रत्येक चिठ्ठी बंद करण्याच्या तारखेसह लिहा, मराठीत लिहा, आणि त्या मुलाच्या डोळ्यातला दाब प्रत्येक भेटीत मोजा. काचबिंदूचा रुग्ण सापडला की त्याच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना बोलावून घ्या.

मधुमेहाबद्दल सभागृहाला नवे सांगण्यासारखे थोडेच आहे. निदान झाले त्याच वर्षी पडदा पाहायचा, मग दरवर्षी. फक्त एक विनंती. मोतीबिंदूसोबत पडद्याला सूज असलेल्या किंवा काचबिंदूने नस कमजोर झालेल्या माणसाला अनेक अंतरांचे महागडे भिंग सुचवू नका. त्या भिंगात प्रकाश वाटला जातो, आधीच फिकट झालेले जग आणखी फिकट दिसते. ज्या कुटुंबाने सोने गहाण ठेवून ते पैसे भरले, त्यांना हे कोणी सांगितलेले नसते.

राहता राहिले कमी दिवसांचे बाळ. आपल्या शहरातल्या बालरोगतज्ज्ञांनी मोठे काम केले आहे. बीड, जालना, परभणीहून आलेली किलो-सव्वा किलोची बाळे आज जगतात. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचा पडदा जन्मापासून चार आठवड्यांच्या आत तपासायला हवा, अगदी लहान बाळाचा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. लेझरची वेळ फार थोडे दिवस असते. बाळ बारा-पंधरा दिवसांत घरी गेले, तर आईला ही तारीख कोण सांगणार? बाहुली पांढरी दिसते म्हणून ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आणते तेव्हा आपण काही करू शकत नाही, आणि त्या आईसमोर बसणे हे आपल्या व्यवसायातले सर्वांत कठीण काम आहे. डिस्चार्ज कार्डावर लसीकरणाच्या तारखेशेजारी डोळे तपासणीची तारीख छापली गेली पाहिजे. त्यासाठी आठवड्यातून एक सकाळ आपण अतिदक्षता कक्षात जायला हवे. ही तपासणी किचकट आहे, तिचे पैसे थोडे, जबाबदारी मोठी, म्हणून शहरात ती करणारे मोजकेच आहेत. तरुण मित्रांनो, ती शिका. शिकायला येणाऱ्यासाठी माझे रुग्णालय उघडे आहे.

दोन कामे आजच ठरावीत अशी माझी इच्छा आहे. येत्या कापूस हंगामापासून आठही जिल्ह्यांतल्या आपल्या रुग्णालयांनी बुबुळाच्या प्रत्येक जखमेची नोंद एकाच नमुन्यात ठेवावी: कशाने लागले, पहिले औषध कोणते आणि कुणी दिले, खरवड्यात काय दिसले, नजर किती उरली. रुग्णाचे नाव त्यात नको. वर्षभराने ती आकडेवारी घेऊन आपण औषध प्रशासनाकडे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ. दुसरे, बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेबरोबर डिस्चार्ज कार्डाबाबत या महिन्यातच बैठक घ्यावी. नोंदीचा नमुना एका पानाचा आहे. दुपारच्या सत्राआधी तो तुमच्या हातात पडेल, त्यातल्या सूचना संध्याकाळच्या सर्वसाधारण सभेत मांडाव्यात.