गोल्फचा टोला आणि गति मोजणारीं यंत्रें

गोल्फच्या खेळांत चेंडू जमिनीवर निश्चल पडलेला असतो. कोणी तो फेंकीत नाहीं, कोणी अडवीत नाहीं. खेळाडूनें सावकाश पवित्रा घ्यावा आणि टोला मारावा. ज्यानें बालपणीं उडती विटी टोलविली आहे त्याला हा वृद्धांचा विरंगुळा वाटावा यांत नवल नाहीं. परंतु क्लब, म्हणजे टोला मारण्याची ती लांब काठी, एकदां हातांत धरली कीं हा भ्रम फार वेळ टिकत नाहीं. निष्णात खेळाडूचा क्लब खांद्यामागून चेंडूपर्यंत यावयास सुमारें पाव सेकंद लागतो. तेवढ्या अवधींत त्याचें टोक ताशीं १८० किलोमीटरांच्या आसपास वेग घेतें, आणि चेंडूशीं त्याचा स्पर्श टिकतो तो अवघा सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका. त्या क्षणीं क्लबाचें तोंड एका अंशानें वळलेलें असलें, तर २०० मीटरांवर चेंडू नेमापासून सुमारें साडेतीन मीटर ढळतो. त्याला बसणारी फिरकी धरली तर त्याहूनहि अधिक.

मग आपलें चुकतें कोठें, हें खेळाडूस कळावें कसें? डोळ्यांनीं कांहीं पाहून त्याप्रमाणें हात हलविण्यास मनुष्याला सेकंदाचा पांचवा हिस्सा तरी लागतो. म्हणजे टोला बिघडत आहे हें उमगेपर्यंत तो संपलेला असतो. उरते ती आठवण, आणि आठवण बहुधा झालें तें न सांगतां योजिलें होतें तेंच सांगते. शिक्षक म्हणतो, “आपला डावा हात कोपरांत वांकला.” शिष्य शपथेवर सांगतो, “छे हो, अगदीं सरळ होता.” दोघांपैकीं कोणीहि खोटें बोलत नसतो. हा तंटा मिटविण्यास तिसरा साक्षीदार हवा.

असा साक्षीदार शोधण्याचा प्रयत्न जुना आहे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या संस्थेंत हॅरॉल्ड एजर्टन यांनीं क्षणांत चमकून विझणाऱ्या दिव्यांच्या साह्यानें छायाचित्रें घेतलीं. त्यांच्या १९३८ सालच्या एका प्रसिद्ध छायाचित्रांत डेन्समोर शूट या खेळाडूचा एकच टोला अनेक प्रतिमांनीं पंख्यासारखा उलगडलेला दिसतो. आणि नुसत्या डोळ्यांस ताठ भासणारा क्लबाचा दांडा तेथें चक्क वांकलेला आढळतो. पुढें १९६८ सालीं ब्रिटनमध्यें ॲलिस्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्स यांनीं ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत टोल्याची उपपत्ति दुहेरी लंबकाच्या रूपानें मांडलेली आहे: खांद्यापासून मनगटापर्यंत एक लंबक, मनगटापासून पुढें दुसरा. शेताच्या माळ्यावर उभें राहून गोफण फिरविणारास यांत फारसें नवीन वाटणार नाहीं. हाताचा वेग दोरींतून दगडांत कसा उतरतो हें त्याचें मनगट जाणतें.

आजचा साक्षीदार नखाएवढा आहे. संवेदक या नांवानें तो ओळखला जातो. सिलिकनवर कोरलेला एक सूक्ष्म भार सिलिकनच्याच लवचीक पट्ट्यांनीं टांगलेला असतो. क्लबास हिसका बसला कीं तो भार किंचित् मागें राहतो; त्याच्या व शेजारच्या स्थिर पट्ट्यांमधील अंतर बदलतें, त्याबरोबर त्यांची विद्युत् सांठविण्याची क्षमता बदलते, आणि त्यावरून त्वरण कळतें. त्याचा जोडीदार फिरणें मोजतो. त्यांतील भार सतत कंप पावत असतो. क्लब वळला कीं त्या कंपणाऱ्या भारास आडवा रेटा बसतो. गॅस्पार कोरिओलिस यांनीं १८३५ सालीं ज्या बलाचें गणित मांडलें, तेंच हें. सेकंदाला शेंकडों वेळां घेतलेलीं हीं मापें बिनतारी मार्गानें मोबाइलकडे जातात.

त्वरणावरून वेग आणि वेगावरून स्थान काढावयाचें, म्हणजे दोनदां बेरीज आली. आणि बेरजेबरोबर चूकहि चढत जाते. समजा, संवेदकाच्या त्वरणांत दर सेकंदास वेग दहा सेंटिमीटरांनीं वाढलेला दाखविण्याइतकी खोट आहे. एका सेकंदांत स्थान पांच सेंटिमीटरांनीं चुकेल, दहा सेकंदांत पांच मीटरांनीं! गोल्फचें भाग्य असें, कीं आरंभापासून चेंडूला लागेपर्यंत टोला सुमारें एका सेकंदांत आटोपतो, आणि आरंभीं क्लब क्षणभर स्थिर असतो. तो क्षण शून्य धरून हिशेब करतां येतो.

तरीहि एक उणीव ध्यानांत ठेवावी. संवेदक बहुधा मुठीपाशीं बसवितात, आणि चेंडूला लागतें तें दुसरें टोक. मधला दांडा ताठ आहे असें धरून टोकाचा हिशेब केला, तर एजर्टन यांचें छायाचित्र त्याच्या विरुद्ध साक्ष देतें. क्लबाच्या तोंडाचा कोन व चेंडूचा वेग यांविषयीं रडार किंवा शीघ्रगति कॅमेरा यांचेंच म्हणणें अधिक ग्राह्य. कमरेस व पाठीस बांधलेले संवेदक निराळें कांहीं सांगतात: निष्णाताच्या टोल्यांत प्रथम कंबर, मग धड, मग हात, शेवटीं क्लब, असा प्रत्येकाचा वेग क्रमानें शिगेस पोंचतो.

मुठीवरच्या यंत्राची साक्ष सर्वांत खरी ठरते ती तालाविषयीं. जॉन नोव्होसेल यांनीं व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफितींतील चौकटी मोजल्या, आणि क्लब मागें नेण्यास लागणारा वेळ हा खालीं आणण्याच्या वेळेच्या तिप्पट असतो, असें २००४ सालच्या आपल्या पुस्तकांत दाखविलें. येल विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक रॉबर्ट ग्रोबर यांनीं तर क्लबाच्या दांड्यांतच संवेदक बसवून त्याच्या गतीचें ध्वनींत रूपांतर केलें. खेळाडू आपला टोला कानांनीं ऐकूं लागला. तबला शिकणाऱ्याला ताल आंकड्यांत लिहून दिला, आणि वाजवून दाखविला, यांत जें अंतर तेंच येथें.

आंकड्यांच्या मोहाचा प्रश्न येथेंच उभा राहतो. १९९९ सालीं गॅब्रिएले वुल्फ व त्यांचे सहकारी यांनीं गोल्फमधील नवशिक्यांचे दोन गट केले. एकास हातांच्या हालचालीकडे लक्ष देण्यास सांगितलें, दुसऱ्यास क्लबाच्या. क्लबाकडे लक्ष देणारे अधिक अचूक ठरले, आणि दुसऱ्या दिवशींहि तो लाभ टिकला. तत्पूर्वीं १९९० सालीं कॅरोली विन्स्टीन व रिचर्ड श्मिट यांनीं हाताच्या एका हालचालीच्या सरावांत असें पाहिलें, कीं प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल कळणाऱ्यांपेक्षां निम्म्याच प्रयत्नांनंतर तो कळणाऱ्यांनीं पुढें शिकलेलें अधिक चांगलें जतन केलें. तो प्रयोग गोल्फचा नव्हता. पण टोल्यामागून टोला मारून दर वेळीं मोबाइल पाहणाऱ्याला तो तंतोतंत लागू पडावा. आंकडा लगेच मिळतो म्हणून तो स्वतःच्या अंगास विचारीतच नाहीं.

यासाठीं शिकविणारानें मोबाइल पालथा ठेवावा. चार-पांच टोले होऊं द्यावेत. मग शिष्यास विचारावें, “या खेपेस मागें नेतांना घाई झाली कीं नाहीं? आपल्यास काय वाटलें?” त्याचें उत्तर कागदावर टिपून घ्यावें, आणि त्यानंतर मोबाइल उलटून दोघांनीं मिळून पाहावा.