नऊवारी राहिली, माग कुठे गेला?



परदेशी चालीरीतींच्या लाटेत आपलं सारं वाहून जाणार, अशी हाकाटी आपण नेहमी ऐकतो. पण पाडव्याच्या शोभायात्रेकडे पाहा. जीन्समध्ये कॉलेजला जाणाऱ्या मुली त्या दिवशी झोकात नऊवारीत निघतात. मग वाहून गेलं ते काय?

उत्तर आपल्या नगरजवळच्या भिंगारातच आहे. १४९० साली बहमनी फौजेचा पराभव केल्यावर अहमद निजामशहानं भिंगारलगत आपली राजधानी वसवली. शहर वसलं, तसे विणकरही आले. भांगरिया नावाच्या एका सधन घराण्यातल्या माणसानं हातमागाचे कारागीर भिंगारात आणून बसवले, असं जुन्या गॅझेटियरात सांगितलं आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनीही नगरच्या मागावर आपला हात चालवला. म्हणजे नगरचं म्हणून जे लुगडं आपल्या आज्या-पणज्या नेसल्या, त्यामागे परगावाहून आलेल्या माणसांची कारागिरी होती. बाहेरून आलेल्या गोष्टीनं परंपरा बुडते असं नाही; कित्येकदा ती तशीच सुरू होते.

माग थांबले ते वेगळ्या कारणानं. आधी विलायती गिरणीचं कापड आलं, मग देशी गिरण्या आल्या, मग यंत्रमाग. हातमागावर एका लुगड्याला जितके दिवस लागत, तेवढ्यात यंत्रमाग ढीग लावतो. विणकराची मजुरी त्या भावात बसेना आणि पोरं दुसऱ्या धंद्याला लागली. आज बाजारात शिवलेली नऊवारी मिळते, पायजम्यासारखी पायात घालायची नि नाडी बांधायची. रूप राहिलं, हात गेला.

हाच पेच इंडोनेशियात बाटिक कापडापुढे होता. आपलाही तिथे जुना धागा आहे. गुजरातचा पटोला व्यापाऱ्यांच्या जहाजांतून जावा-सुमात्राला जाई आणि त्याची नक्षी तिथल्या बाटिककारांनी उचलली. बाटिक करताना तांब्याच्या बारीक तोटीच्या लेखणीनं कापडावर वितळलेलं मेण रेखतात आणि मग कापड रंगात बुडवतात; मेणाखाली रंग शिरत नाही. तिथल्या सरकारनं आधी वापर वाढवला. १९७२ साली जकार्ताचे राज्यपाल अली सादिकिन यांनी लांब बाह्यांचा बाटिक शर्ट हा औपचारिक पोशाख ठरवला. २ ऑक्टोबर २००९ रोजी युनेस्कोनं बाटिकला मानवतेच्या वारशात स्थान दिलं. मागणी वाढली, पण यंत्रावर छापलेलं स्वस्त नकली बाटिकही बाजारात होतंच. म्हणून अस्सल मालाला ओळखचिन्हही द्यावं लागलं. तिथलं जाणतं गिऱ्हाईक कापड उलटून पाहतं. हातानं रेखलेल्या बाटिकचा रंग दोन्ही बाजूंनी सारखाच गडद असतो, छापील कापडाची उलटी बाजू फिकी.

आपल्याकडेही हातमाग वाचवायची साधनं आहेत. १९८५ च्या कायद्यानं काही वाणांचं उत्पादन हातमागासाठी राखून ठेवलं. सोलापुरी चादरीला आणि पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. हातमागाच्या मालावर लावायला ‘हँडलूम मार्क’ आहे. २०१५ पासून ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन साजरा होतो, १९०५ च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून. पण चिन्ह पाहून घेणारं गिऱ्हाईकच नसेल, तर कायदा कागदावर राहतो.

यंत्रमागाची साडी नेसू नये, असं मी म्हणणार नाही. रोजच्या वापराला ती परवडते आणि तिच्यावरही हजारो कामगारांची चूल पेटते. पण एखादी साडी हातमागाची म्हणून जास्त पैसे देऊन घेताना दोन गोष्टी जरूर करा. काठाजवळ बारीक छिद्रांची ओळ आहे का पाहा. कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या सुयांची ती खूण बहुधा हातमागावर दिसते. आणि दुकानदाराला विचारा, ही कुठल्या गावात विणली? एकीनं विचारलं तर तो हसेल. दहा जणींनी विचारलं तर पुढच्या खेपेला उत्तर घेऊन बसेल, आणि त्या उत्तरासाठी त्याला विणकराचं दार गाठावंच लागेल.