जुन्या बुलेटचा कार्बुरेटर

वर्षभर उभी राहिलेली जुनी बुलेट किक मारून मारून पाय दुखले तरी सुरू होत नाहीं, तेव्हां घरांतील मंडळींस प्रथम प्लगची शंका येते. दोष पुष्कळदां दुसरीकडेच असतो. सिलिंडरच्या मागें मुठीएवढी एक धातूची ओतीव वस्तु बसविलेली असते, तीच कार्बुरेटर. मद्रासेस १९५५ सालीं एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली, तेव्हांपासून पुढें कित्येक दशकें बुलेटचा श्वास याच यंत्रावर चालला. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचे भारत स्टेज ६ हे कडक नियम लागू झाले, आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत त्याची जागा विजेच्या नियंत्रणानें चालणाऱ्या फवाऱ्यानें घेतली.

एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा, हें मिश्रण साधणें हें त्याचें काम. अरुंद गळ्यांतून हवा वेगानें जाते, तेथील दाब घटतो व जेटमधून पेट्रोल वर ओढलें जातें. मंद चालीच्या जेटचें भोंक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतें. सांचलेल्या पेट्रोलांतील हलका अंश उडून गेला कीं मागें चिकट राळ उरते व तें भोंक बुजतें. त्यांत आतांच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें ओलावा शोषून घेतें आणि जुन्या रबरास सोसतेंच असें नाहीं.

कार्बुरेटर उतरविण्याचें काम उघड्यावर करावें. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें ती जमिनीलगत पसरत जाते. पलीकडच्या खोलींतील समईही तिला पुरते. एंजिन पूर्ण थंड झाल्यावर तोटी बंद करून नळी काढावी. मग वरचें झांकण फिरवून सैल केलें म्हणजे तारेच्या टोकाशीं लोंबणारी सरकती झडप सुईसह बाहेर येते. ती तशीच लोंबत ठेवूं नये. स्वच्छ फडक्यांत गुंडाळून बाजूस बांधावी. सुई वांकली कीं गाडीची चाल गेली.

त्यानंतर हवेच्या गाळणीकडील रबरी नळीची पट्टी सैल करावी. जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या गाड्यांत कार्बुरेटर दोन नटांनीं एंजिनाशीं आवळलेला असतो. ते आळीपाळीनें थोडे थोडे सोडावे व बसवितांनाही तसेच आवळावे. एकच नट जोरानें आवळल्यास बैठक वांकडी होते, फटींतून जादा हवा शिरते, आणि पेट्रोल कमी पडलेलें एंजिन भलतेंच तापून पिस्टन जाम होण्यापर्यंत पाळी येते. उघड्या पडलेल्या तोंडांत मोठेंसें फडकें घालावें. लहान चिंधी आंत राहून जाते, आणि आंत पडलेली चकती काढावयास सगळें एंजिन उघडावें लागतें.

सुईची पकड कोणत्या खांचेंत होती आणि हवेचा स्क्रू हलकेच तळाला टेकेपर्यंत किती फेरे आंत गेला, हें कागदावर टिपून ठेवावें. मिस्त्री हें तोंडीं लक्षांत ठेवतात. घरच्या माणसानें तो भरंवसा धरूं नये. जेट पितळेचें व मऊ असतें, म्हणून पेचकस खांचेंत नेमका बसणारा हवा. भोंकांत पोलादी तार तर कदापि घालूं नये. भोंक मोठें झालें तर तें पुन्हां लहान होत नाहीं. द्रावणांत भिजवून हवेचा झोत मारावा. फ्लोट कानाशीं हलवून पाहावा. आंत पेट्रोल खळखळलें तर तो फुटका समजावा.

खरी जोखीम परत बसवितांना असते. झडपेची कापलेली कड गाळणीच्या बाजूसच हवी. ती उलटी गेली अथवा अडकली तर एंजिन सुरू होतांच बेफाम धांवूं लागतें, आणि रस्त्यावर मूठ सोडूनही गाडी आवरत नाहीं. म्हणून तोटी उघडण्यापूर्वीं हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून मूठ पिळावी व सोडावी. दर वेळीं झडप खालीं आपटल्याचा स्पष्ट ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. तो आला नाहीं तर किकला पाय लावूं नये. झांकण पुन्हां उघडावें.