शेजारची शाळा

मुलाला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न पूर्वी महाराष्ट्रातील बहुतेक घरांत उपस्थितच होत नसे. गावात किंवा पेठेत जी शाळा असे तीत वकिलाचा मुलगा जाई आणि कुळवाड्याचाही जाई. शाळा निवडावयाची असते ही कल्पनाच नवी आहे. आज मात्र मूल अडीच-तीन वर्षांचे होते न होते तोच आईबाप या चिंतेने ग्रासले जातात, आणि सरकारी शाळा की खाजगी शाळा या वादाला घरोघर तोंड फुटते.

या प्रश्नाचे स्वरूप नीट पाहावयाचे असेल तर राजधानीतील कस्तुरबा गांधी मार्गासारखी जागा सापडणे कठीण. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जात असे. ज्या व्हाइसरॉयने 1904 साली हिंदुस्थानच्या शिक्षणविषयक धोरणाचा ठराव काढला, त्याचे नाव जाऊन तेथे आज जिला शालेय शिक्षण जवळजवळ लाभलेच नाही अशा एका स्त्रीचे नाव आहे. मागासलेल्या तालुक्यांतील मुलींसाठी 2004 सालापासून जी निवासी विद्यालये सरकारने उघडली, त्यांनाही कस्तुरबांचेच नाव देण्यात आले, हा योगायोग अर्थपूर्ण म्हटला पाहिजे. या रस्त्यावर सरकारी अधिकाऱ्यांसाठी वसतिगृहे बांधली गेली. भारतीय विद्या भवनाचे केंद्र व त्याचे विद्यालय येथे आहे. आणि 2013 सालापासून नव्या महाराष्ट्र सदनाची वास्तूही येथेच उभी आहे. शेजारच्या बाराखंबा मार्गावर 1920 साली दर्यागंजात स्थापन झालेले व पुढे येथे आलेले मॉडर्न स्कूल आहे. हा सारा भाग नवी दिल्ली पालिका परिषदेच्या हद्दीत मोडतो, आणि परिषदेच्या स्वतःच्याही साध्या शाळा व ‘नवयुग’ नावाच्या विशेष शाळा आहेत. म्हणजे या परिसरात राहणाऱ्या पालकासमोर शाळांची जणू एक उतरंडच मांडून ठेवलेली असते.

महाराष्ट्रातून बदली होऊन येथे आलेल्या एखाद्या अधिकाऱ्याचे उदाहरण घ्यावे. बदलीचे हुकूम बहुधा उन्हाळ्यात निघतात. खाजगी शाळांतील बालवर्गाचे प्रवेश त्यापूर्वीच, ऐन थंडीत, आटोपलेले असतात. डिसेंबर 2013 मध्ये दिल्लीत जी गुणपद्धती लागू करण्यात आली तीत शंभरांपैकी 70 गुण शाळेच्या जवळ राहणाऱ्यास, 20 गुण भावंड त्याच शाळेत असल्यास, 5 गुण शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांस आणि 5 गुण दुसऱ्या राज्यातून बदलून आलेल्यास होते. त्या शेवटच्या पाच गुणांवरून इतके तंटे झाले की दोन-तीन महिन्यांतच ते काढून टाकावे लागले. आणि वर्षाच्या आत उच्च न्यायालयाने ती सारी पद्धतीच रद्द ठरविली. तेव्हा आईबाप शाळा निवडतात असे आपण म्हणतो खरे, परंतु पुष्कळदा शाळाच आईबापांची निवड करीत असते.

येथे एका शब्दाचाही उलगडा करावयास हवा. दिल्लीत ‘पब्लिक स्कूल’ अशी पाटी जिथे दिसते ती शाळा प्रायः खाजगी असते. विलायतेत ज्या जुन्या शाळा कोणा एका पंथाच्या वा गावच्या मुलांपुरत्या मर्यादित नव्हत्या, फी देईल त्या कोणालाही खुल्या होत्या, त्यांना हे नाव पडले. आपल्याकडे ते नाव आले तेव्हा खुलेपणा मागे राहिला आणि फी तेवढी बरोबर आली. परंतु खाजगी शाळा तरी सर्वस्वी खाजगी असते काय? दिल्लीतील अनेक खाजगी शाळा सरकारने सवलतीने दिलेल्या भूखंडांवर उभ्या आहेत. भूखंड देताना घातलेल्या अटी शाळांनी पाळल्या आहेत की नाहीत हे शिक्षण खात्याने तपासावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली मॉडर्न स्कूलच्या खटल्यात दिला. सारांश, जिला आपण खाजगी म्हणतो तीतही जनतेचा वाटा असतो.

आता गुणवत्तेचा प्रश्न. खाजगी शाळेत शिक्षण चांगले होते, ही समजूत सर्वत्र रूढ आहे, आणि ती निराधार नाही. ‘असर’ या पाहणीत 2024 साली असे आढळले की ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले सरकारी शाळांत सुमारे 45 टक्के होती, तर खाजगी शाळांत सुमारे 59 टक्के. हे अंतर डोळ्यांआड करता येत नाही. परंतु खाजगी शाळेतही शंभरांतील चाळीस मुले मागेच राहतात, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे. शिवाय हे अंतर शाळेचे किती आणि घराचे किती, हा प्रश्न उरतोच. आंध्र प्रदेशात 2008 सालापासून चार वर्षे एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकून काही गरीब मुलांना खाजगी शाळांत जाण्यासाठी पैसे देण्यात आले, आणि ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांच्याशी त्यांची तुलना करण्यात आली. तेलुगू व गणित या विषयांत दोहोंत लक्षणीय फरक पडला नाही. हिंदीत मात्र खाजगी शाळांतील मुले पुढे गेली. खाजगी शाळांनी हे काम बऱ्याच कमी खर्चात केले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु सुशिक्षित घरातील मुलाच्या यशाचे श्रेय शाळेच्या पाटीला देण्यापूर्वी घरातील पुस्तकांच्या फळीकडेही पाहावे, हा बोध त्यातून निघतो.

मग सरकारी शाळा चांगली असूच शकत नाही काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्या अधिकाऱ्याच्या हाताशीच आहे. बदलीच्या नोकरीत मुलांच्या शिक्षणाची आबाळ होऊ नये म्हणून, दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून, मध्यवर्ती सरकारने 1963 साली लष्करी ठाण्यांतील वीस शाळा हाती घेतल्या. त्याच पुढे केंद्रीय विद्यालये म्हणून विस्तारल्या. आज त्यांची संख्या बाराशेच्या वर आहे. प्रवेशात बदलीच्या नोकरांना अग्रक्रम मिळतो, आणि गेल्या सात वर्षांत किती बदल्या झाल्या याचाही हिशेब होतो. या शाळा सरकारी आहेत. त्यांचे शिक्षक सरकारी, इमारती सरकारी, खर्च सरकारी. तरीही त्यांविषयी कोणी नाक मुरडीत नाही. असे का? ज्यांचा शब्द कचेरीत चालतो त्यांची मुले तेथे शिकतात, हे त्याचे एक मोठे कारण आहे. शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर तक्रार कोणाकडे करावयाची हे त्या पालकांना ठाऊक असते.

पण याच ठिकाणी प्रश्नाची खरी अडचण उभी राहते. सरकार आपल्या नोकरांसाठी चांगली शाळा चालवू शकते, तर तीच शाळा शेजारच्या झाडूवाल्याच्या मुलालाही का मिळू नये? केंद्रीय विद्यालयांतही पहिलीच्या पंचवीस टक्के जागा आज शिक्षणहक्क कायद्याखाली राखून ठेवल्या जातात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु अधिकारीवर्गाचा कल याच्या उलट दिशेलाही दिसतो. सनदी सेवकांच्या संस्थेने चाणक्यपुरीत 1998 साली संस्कृती स्कूल काढले, व त्यातील साठ टक्के जागा वरिष्ठ केंद्रीय अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी ठेवल्या. 2015 साली दिल्ली उच्च न्यायालयाने ही राखीव तरतूद रद्द ठरविली. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. बदलीमुळे मुलांचे हाल होतात, हे या शाळेचे समर्थन खोटे नाही. तथापि त्याच 2015 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशापुरता असा आदेश दिला, की सरकारी तिजोरीतून वेतन घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत. तो आदेश अमलात आला नाही. परंतु त्यातील प्रश्न हवेत विरून गेला असे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली वरिष्ठ कायदेमंडळात मांडले. पुढील वर्षी ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत केवळ सरकारी सभासद नव्हते, धनिक हिंदी सभासदही होते. कोठारी आयोगाने 1966 साली शेजार-शाळेची शिफारस केली : एका वस्तीतील सर्व मुलांनी, श्रीमंत-गरीब असा भेद न करता, एकाच शाळेत शिकावे. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या कार्याशी निगडित. ती व्यवस्था वीस वर्षांत क्रमाक्रमाने आणावी अशी आयोगाची कल्पना होती. वीस वर्षे तीनदा लोटली पण ती आली नाही. उलट, फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने असा नियम केला की एक किलोमीटरच्या आत सरकारी अथवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेवर गरीब मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखण्याचे बंधन राहू नये. मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम त्याच वर्षी जुलैत रद्द केला.

मग आईबापांनी करावे तरी काय? मूल म्हणजे समाजसुधारणेचे साधन नव्हे. शेजारच्या शाळेत शिक्षकच नसेल तर केवळ तत्त्वासाठी मुलाची वर्षे वाया घालवा असे कोणी सांगू नये. परंतु शाळा न पाहताच तिला नापास करणे हाही न्याय नव्हे. पहिली भेट जवळच्या शाळेला द्यावी. वर्गात शिक्षक नियमाने येतात काय, तिसरीतील मूल पुस्तक उघडून चार ओळी वाचते काय, मुख्याध्यापक पालकांना भेटतात काय, आणि मूल पायी जाऊन पायी परत येऊ शकेल काय, एवढे चार प्रश्न विचारावेत. हेच चार प्रश्न घेऊन खाजगी शाळेतही जावे; तेथील संगमरवरी पायऱ्या पाहून ते विसरू नयेत. परप्रांतातील मराठी घराने पाचवा प्रश्नही स्वतःस विचारावा : या शाळेत मुलाची मायबोली टिकणार नसेल, तर ती घरी कोण टिकविणार? पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे. पण सर्वांनाच ती सोयीची असते असे नाही, आणि केंद्रीय विद्यालयातील शिक्षण हिंदी-इंग्रजीतून चालते.

इतके करून खाजगी शाळा पसंत पडली तर तिची निवड जरूर करावी. मात्र शेजारच्या शाळेशी नाते तेवढ्याने संपत नाही. तिच्यातील रिकाम्या जागांबद्दल अर्ज करणे, तिच्या ग्रंथालयास पुस्तके देणे, तिच्या व्यवस्थापनाची चौकशी करणे, हा नागरिकाचा हक्क मूल तेथे नसले तरी कायम राहतो. आणि ज्याच्या टेबलावरून शाळांच्या फायली जातात त्याच्यावर तर ही जबाबदारी दुप्पट आहे. ज्या शाळेतून बोलके पालक निघून जातात त्या शाळेत मागे उरतात ती मुक्या पालकांची मुले. आणि त्यांच्या वतीने बोलणारा कोणी उरत नाही. आपल्या मुलासाठी चांगली शाळा शोधणे हे आईबापांचे कर्तव्य होय. दुसऱ्याच्या मुलाची शाळा वाईट राहू न देणे हे समाजाचे कर्तव्य होय. पहिले कर्तव्य आपण मोठ्या तत्परतेने पार पाडतो. दुसऱ्याची आठवण शेजारून जाताना तरी व्हावी.