जोडवं रुतलं तेव्हा

आज आम्ही आमच्याच गटाची एक चूक सांगणार आहोत.

आमच्यातल्या एका ताईंना बरीच वर्षं सोरायसिस आहे. कोपरांवर आणि डोक्यात लालसर चट्टे, वर पांढरे खवले. हा आजार शिवल्याने लागत नाही, पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. बैठकीत आम्ही त्यांच्या हातचा चहा टाळायचो. मग ताई लांब बाह्यांचं पोलकं घालू लागल्या.

पुढे त्यांच्या पायाचं एक बोट सुजलं. जोडवं रुतलं, सोनाराकडून कापून घ्यावं लागलं. आम्ही म्हणालो, खुरपताना लागलं असेल. मग टाच दुखू लागली. गोळ्या आणायला गेल्या, पण चट्ट्यांबद्दल लाजेनं बोलल्याच नाहीत. वर्ष गेलं, बोट वाकडं झालं. संधिवाताच्या डॉक्टरांनी मग सांगितलं, की हा सोरायसिसबरोबर येणारा संधिवात आहे.

तो सोरायसिस असलेल्या सगळ्यांना होत नाही, पण बऱ्याच जणांना होतो. बहुतेकदा चट्टे आधी येतात आणि सांधे काही वर्षांनी धरतात. चट्टे थोडेच असले तरी तो होऊ शकतो. झिजलेला सांधा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, म्हणून तो लवकर ओळखायचा.

घरात कुणाला सोरायसिस असेल तर एवढं बघा. सकाळी उठल्यावर सांधे अर्धा तास किंवा जास्त वेळ आखडतात आणि हालचाल केल्यावर मोकळे होतात का? एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत गाजरासारखं सुजलंय का? टाच दुखते का? नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे आहेत का, नख खालून सुटतंय का? कंबर पहाटे दुखून झोपमोड होते आणि चालल्यावर बरी वाटते का?

यातलं काही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पहिलं वाक्य हेच बोला, "मला सोरायसिस आहे आणि सांधे दुखतात." संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवायला सांगा. रक्तातली वाताची तपासणी चांगली आली, तरी हा आजार असू शकतो. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या मनानं खात राहू नका.

ताईंचं औषध आता चालू आहे. सूज उतरली, वाकडं बोट मात्र तसंच आहे. बैठकीचा चहा आता त्याच करतात आणि आम्ही सगळ्या पितो. तुमच्या गटात कुणी बाह्या ओढून बसत असेल, तर आधी तिच्या शेजारी जाऊन बसा.